बारीक तार वर

गिटार वाजवणाऱ्या माणसाला चुकूनही विचारू नये, की बाबा रे, तुझी गिटार एवढी खास का? विचारलंत की संपलात. तो तुम्हाला लाकूड सांगेल, लाकडाचं वय सांगेल, ती कोणत्या ऋतूत रुसते आणि कोणत्या ऋतूत खुलते ते सांगेल. बायकोबद्दल ज्यानं उभ्या जन्मात चार बरे शब्द काढले नाहीत, तो गडी गिटारच्या कमरेबद्दल बोलायला लागला की डोळ्यांत पाणी आणतो. टेलरबाईंना ही जमात आतून-बाहेरून ठाऊक होती, कारण गावातल्या निम्म्या गिटारांची कव्हरं त्यांनीच शिवली होती.

त्यांचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीतली जिन्याखालची खोली. एक शिलाई मशीन, एक इस्त्रीचं टेबल, भिंतीला खिळ्यांवर लटकवलेल्या चेनी आणि एक असा आरसा, की ज्यात कुणीच बारीक दिसत नसे. शाळेचे गणवेश, पॅन्टची उंची कमी करणं, कॉलर उलटवणं ही रोजची कामं. वाद्यांच्या दुकानाचे मालक एकदा सहज विचारायला आले, की गिटारचं कव्हर शिवाल का, आणि बाईंनी टेप गळ्यातून काढून समोरच्या गिटारची छाती, कंबर आणि खालचा घेर मोजायला घेतला. "गिऱ्हाईक बरं आहे," त्या म्हणाल्या, "माप देताना पोट आत ओढून घेत नाही." तेव्हापासून कव्हरांचं काम त्यांच्याकडेच.

बाई डावखुऱ्या. कातर बाजारात मिळते ती उजव्या हाताची, पण त्यांनी ती डाव्या हातात अशी काही वाकडी धरायची सवय लावून घेतली होती, की बघणाऱ्याला वाटावं, आता अंगठा कापणार. अंगठा कधी कापला नाही. कापड मात्र रेषेवरून जरासुद्धा ढळत नसे.

कव्हरं शिवणारी बाई स्वतः गिटार वाजवते, हे मालकांना बरीच वर्षं माहीत नव्हतं. एका दुपारी ते न सांगता आले. मशीन बंद होतं आणि पडद्याआडून सूर येत होते. मालक दारातच थांबले. त्यांचं अर्धं आयुष्य गिटारी ऐकण्यात गेलेलं, पण हा आवाज त्यांना ओळखीचा वाटेना. बोटं कोणत्या कॉर्डवर आहेत ते कळत होतं, पण ती कॉर्ड भलत्याच बाजूनं उलगडत होती. त्यांनी पडदा सारला.

"बाई, तुम्ही गिटार उलटी धरलीय."

"मग? आवाज उलटा येतोय का?"

मालक हसले. मग खुर्ची ओढून बसले आणि कव्हरं न घेताच परत गेले. जाताना सांगून गेले, की या वर्षीच्या बैठकीत तुम्ही वाजवायचं, नाही म्हणायचं नाही.

ही बैठक मालकांच्या वाद्यांच्या दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये, वर्षातून एका रविवारी दुपारी भरे. ज्यानं त्यानं आपली आवडती गिटार आणायची, तिच्यात खास काय ते सांगायचं आणि एक धून वाजवायची. बाई दरवर्षी मागच्या रांगेत बसून ऐकत. दातांचे डॉक्टर यायचे. त्यांच्या गिटारचं तोंड स्प्रूस नावाच्या विलायती लाकडाचं आणि पाठ शिसवी. तिला ते लेकीपेक्षा जपत आणि हे त्यांची लेकच सांगे. गाडी शिकवणारा एक मास्तर यायचा. त्याची गिटार उन्हात गाडीत राहून पोटाशी फुगली होती आणि तेव्हापासूनच तिला खरा आवाज आला, असं तो शपथेवर सांगायचा. एक नर्स बारा तारांची गिटार आणायची. तिचा सूर लावण्यात अर्धं आयुष्य जातं आणि उरलेलं अर्धं ती बेसूर झालीय हे कबूल करण्यात, असं ती म्हणायची, पण दुसरी घ्या म्हटलं की भांडायला उठायची. बाईंना ही सगळी माणसं आवडत. त्यांच्या थापाही आवडत. आपणही कधीतरी तिथं पुढे जाऊन बसावं, असं त्यांना दरवर्षी वाटे आणि दरवर्षी त्या कव्हरं बरी बसलीत ना एवढं बघून घरी येत. या वर्षी पुढे बसायचं होतं.

बाईंची गिटार साधी प्लायवूडची. शिसवी नाही, स्प्रूस नाही, कुण्या मोठ्या कारागिराची सही नाही. ती मुळात त्यांच्या दादाची. दादा छापखान्यात पाळीवर जायचा आणि गिटार बाहेरच्या खोलीत खिळ्याला टांगून जायचा. "हात लावलास तर याद राख," हे जाता-येता बजावायचा. बहीण तेव्हा परकर-पोलक्यातून नुकती बाहेर आलेली. दादाची पाठ फिरली की ती स्टुलावर चढायची.

आता डाव्या हाताचा माणूस गिटार घेतो तेव्हा शहाणी माणसं काय करतात? तारा काढतात आणि उलट क्रमानं लावतात, म्हणजे गिटार फिरवून धरली तरी जाड तार वर आणि बारीक तार खाली येते. हिला ते कसं जमणार? गिटार चोरून घ्यायची आणि होती तशी खिळ्यावर परत ठेवायची. तार बदलली असती तर दादानं त्याच दिवशी कान उपटला असता. मग पोरीनं गिटार तशीच फिरवली आणि मांडीवर घेतली. बारीक तार वर, हनुवटीजवळ. जाड तार खाली, गुडघ्याकडे. दादाच्या बोटांवरून शिकावं तर सगळंच उफराटं. तेव्हा तिनं बघायचं सोडलं आणि कानानं एकेक सूर शोधून काढला. दादाची एक आवडती धून होती, ती तर तिनं अशी काही बसवली, की अंगठा बारीक तारांवर गाणं म्हणायचा आणि बाकीची बोटं खालून जाड तारा ओढायची. सगळं जग जाड तारेवरून बारीक तारेकडे जातं. हिचा हात पडला की बारीक तार आधी बोलायची आणि खर्ज मागून यायचा.

एकदा दादाची पाळी लवकर सुटली. तो दारात उभा राहिला आणि रागवायचं सोडून एवढा हसला, की खाली बसला. दुसऱ्या दिवशी मित्रांना गोळा करून आणलं. "या, या, गंमत बघा. आमची डावरी उलटी गिटार वाजवते." चार-पाच टोणगे दात काढत समोर बसले. पोरीचे कान लाल झाले. वाटलं, गिटार टाकावी आणि मोरीत जाऊन तोंड लपवावं. पण तिनं धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली, एक सूर न गाळता, त्यांच्या हसण्याकडे न बघता. मधेच एक जण हसायचा थांबला, मग दुसरा. दादा सगळ्यात शेवटी थांबला.

पुढे दादाचं लग्न झालं, वेगळं बिऱ्हाड झालं. सामान हलवताना वहिनीनं विचारलं, हे लाकूड कशाला न्यायचं? दादानं गिटार खिळ्यावरून काढली आणि बहिणीच्या मांडीवर ठेवली. "ठेव. हिच्यावर सगळीकडे तुझे ओरखडे पडलेत. कुणाला दाखवायची लाज वाटते मला." एवढंच बोलला आणि हातगाडीबरोबर चालायला लागला. माया करायची त्याची तीच तऱ्हा होती.

ओरखडे होतेच. गिटारवर नखं लागू नयेत म्हणून आवाजाच्या भोकाच्या एका बाजूला काळी पट्टी चिकटवलेली असते. बाईंनी गिटार फिरवलेली, म्हणजे ती पट्टी वर राहिली आणि नखं घासायची उघड्या लाकडावर. वर्षानुवर्षं घासून आधी तिथलं पॉलिश गेलं, मग रंग गेला आणि मग लाकडातच एक उथळ खड्डा पडला, अंगठा टेकवला तर नीट बसेल एवढा. मान उजव्या हाताच्या बोटांनी झिजून त्यांच्या मापाची झाली होती. नवरा होता तोवर चिडवायचा, "हिला चोर नेणार नाही. नेली तरी वाजवायला तुलाच बोलवावं लागेल." नवरा गेल्यावर गिटार घरातून दुकानात आली, पडद्यामागे. एकटीच्या घरात ती फार मोठ्यानं वाजल्यासारखी वाटे.

बाईंना आयुष्यभर सुधारणारे लोक भेटले होते. शाळेत मास्तरीणबाईंनी डावा हात ओढणीनं पाठीशी बांधला होता आणि म्हणाल्या होत्या, "थोडे दिवस त्रास होईल, मग तूच म्हणशील, आधी का नाही केलं." शिवणाच्या क्लासात तेच. सासूबाई तर जेवताना चमचा हातातून काढून दुसऱ्या हातात देत, प्रेमानंच देत. बाई ऐकून घेत, मान हलवत आणि पाठ फिरली की चमचा डाव्या हातात घेत. भांडण त्यांनी फारसं कधी केलं नाही. फक्त ऐकलं नाही.

बैठकीचं कळल्यावर लेकीला आईपेक्षा जास्त उत्साह आला. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला. लोकांना नीट दिसावं हाच तिचा धंदा, त्यामुळे कुठलीही गोष्ट जराशी तिरकी दिसली की तिचा हात शिवशिवायचा. गिटारच्या तारा पिळायच्या दोन चाव्या घट्ट झाल्या होत्या, फिरता फिरत नव्हत्या. "आई, मी दुरुस्तीला देते. पुसून-बिसून, नवीन तारा घालून आणते. तू काही बघायचं नाहीस." बाईंना बरं वाटलं. हातात काम ढीगभर होतं, शाळा सुरू व्हायच्या होत्या. गिटार गेली आणि बैठकीच्या दिवशी दुपारीच परत आली, तीही बंद कव्हरात, लेकीच्या खांद्यावर. उशीर झाला होता. दोघी तशाच हॉलवर गेल्या.

हॉलच्या बाजूला एक लहान खोली होती. तिथं बाईंनी कव्हरची चेन उघडली.

गिटार चमकत होती. आरशासारखी. खड्डा नव्हता. तिथं लाकडाचा पातळ तुकडा बसवून, रंग जुळवून, वर पॉलिश चढवलं होतं. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं, दोनदा फिरवलं. मग गिटार मांडीवर घेतली आणि हात टाकला. बोटं जिथं जायची तिथं गेली आणि बाहेर आलं ते भलतंच, भांडी पडल्यासारखं. त्यांनी मान खाली घालून पाहिलं. जाड तार वर होती. बारीक तार खाली होती.

"हे कुणी केलं?"

लेक हसत होती, तिचं हसू अर्धवट राहिलं. तेवढ्यात कारागीर आत आले. चांगला माणूस. गावात गिटारचं असं काम दुसरा करत नाही आणि वाजवणारे त्यांच्या हाताची वाट बघत बसतात. हात पुढे करून मोठ्या आनंदानं म्हणाले, "कशी वाटली, बाई? मला तर बघून धक्काच बसला हो. डाव्या हाताची झीज आणि तारा उजव्या हाताच्या! कुणीतरी अडाण्यानं लावल्या असणार. मी सगळं सरळ करून टाकलं. मानेच्या टोकाला तारा बसतात ती खाचांची पट्टी नवी, खाली तारा टेकतात त्या घोडीची खाच बुजवून उलट्या बाजूनं कापली. आता ही खरी डावखुऱ्याची गिटार झाली."

"त्या चुकीच्या नव्हत्या," बाई म्हणाल्या. "माझ्या होत्या."

"म्हणजे तुम्ही... बारीक तार वर ठेवून वाजवता?"

"हो."

"अहो, पण असं कुणी वाजवत नाही."

"मी वाजवते."

कारागीर गोंधळले. वाईट वाटलं त्यांना, पण आपलं चुकलंय असं काही वाटेना. समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, महिनाभर द्या. हाताला सवय होईल. मग तुम्हीच म्हणाल, आधी का नाही केलं."

झालं. नेमकं तेच वाक्य. बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की ते एक पाऊल मागे सरकले.

"तुमची पक्कड आहे इथं?"

"आहे. का?"

"द्या."

"अहो, ते इतकं सोपं नाही. पट्टीच्या खाचा आता उलट आहेत. बारीक तार जाड तारेच्या खाचेत पडली तर मानेवरच्या पडद्यांवर घासणार, खरखरणार. घोडी फिरलीय, वर गेलात की सूर उतरणार. मंगळवारी आणा, मी बघतो."

"माझी पाळी मंगळवारी नाही. आज आहे."

गडबड ऐकून मालक आले, त्यांच्यामागून दातांचे डॉक्टर. मालक म्हणाले, खालून दुकानातली कोणतीही घ्या. डॉक्टरांनी तर आपली लाडकी शिसवी पुढे केली, हे त्यांच्या बाजूनं फार झालं. फक्त एवढं म्हणाले, "सरळ धरलीत तर बरं. त्या बाजूला काळी पट्टी नाही ना, नखं लागतील."

"डॉक्टर, ती तुमची आवडती आहे," बाई म्हणाल्या. "मी माझी दाखवायला आलेय. खरखरली तरी माझीच दाखवणार. पक्कड द्या हो तुम्ही."

कारागिरांनी पक्कड दिली. बाहेर नर्सनं बारा तारांचा सूर लावायला घेतला होता, म्हणजे वेळ होता. बाई टेबलाशी बसल्या आणि एकेक तार सैल करून काढायला लागल्या. लेक भिंतीला टेकून उभी होती. रडायच्या बेतात होती, रागातही होती.

"मी केवढ्या हौसेनं केलं, आई. त्यांना मीच सांगितलं, आई डावखुरी आहे, तिला नीट करून द्या."

"मी नीट नव्हते का?"

लेक एकदम बोलली, "शाळेत तू वाजवायला आली होतीस, आठवतं? मी तिसरी-चौथीत असेन. सगळी मुलं हसली. वर्गाच्या बाईसुद्धा हसल्या. मी पडद्यामागे जाऊन लपले. तू शोधत होतीस तरी आले नाही." तिचा आवाज फुटला. "मला वाटलं, आज एवढी माणसं बघणार. आता तरी कुणी हसू नये तुला."

बाईंचे हात थांबले. शाळेतली दुपार त्यांना आठवत होती. हसलेली मुलं आठवत होती आणि त्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. लेक पोट दुखतं म्हणून घरी गेली असं मात्र कुणीतरी सांगितलं होतं. त्यांना वाईट वाटलं, खूप वाटलं. पण तारा कारागिरांनी लावल्या तशाच ठेवाव्यात असं काही वाटलं नाही.

"हसू देत गं," त्या म्हणाल्या. "हसणाऱ्यांच्या समोर वाजवतच मी शिकले. लोक हसतात म्हणून तू लपलीस, ते वय तसं होतं. आता काय लपतेस? आणि मला का लपवतेस? ये इकडे. ही तार धर, ताणून धर."

लेकीनं डोळे पुसले आणि तार धरली.

जाड तार अरुंद खाचेत बसेना, ती वरच तरंगत राहिली. दाबायला जड जाणार, पण चालण्यासारखं होतं. दोन बारीक तारा मात्र रुंद खाचांत बुडाल्या आणि बाईंनी छेडून बघितल्या तशा कर्कश खरखरल्या. कारागीर दारातून म्हणाले, "बघा, सांगितलं होतं."

बाईंनी इकडे-तिकडे पाहिलं आणि कव्हर ओढून घेतलं. ते त्यांनीच शिवलेलं. कव्हर उचलायची मूठ कडक राहावी म्हणून आत बकरम घातलं होतं, शर्टाच्या कॉलरमध्ये घालतात तेच. पर्समधून लहान कातर काढून त्यांनी स्वतःच्या हातची शिवण उसवली, बकरमाची पट्टी ओढून काढली, घडी घातली, दातांनी दाबली आणि तिचे बारीक तुकडे कापून त्या दोन तारांखाली खाचेत सरकवले. पुन्हा छेडलं. खरखर पुरती गेली नाही, अर्धी गेली. कारागीर जवळ येऊन वाकून बघायला लागले. "एक घडी अजून घाला," ते हळूच म्हणाले. बाईंनी घातली.

बाईंची पाळी आली. त्या पुढे जाऊन बसल्या आणि गिटार फिरवून मांडीवर घेतली. दुसऱ्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणीतरी म्हणालं, "काकू, उलटी आहे ती."

"माहितीये," बाई म्हणाल्या. "आम्ही दोघी अशाच बसतो. आता हिच्यात खास काय ते सांगायचं म्हणे. लाकूड म्हणाल तर प्लायवूड आहे. आवाज म्हणाल तर आज बरा नाही, तिच्या नाकात कॉलरचं बकरम कोंबलंय." हशा झाला, या वेळी खुला. "ही आधी माझी नव्हती. हात लावायची बंदी होती. मी लावला. तारा बदलायची सोय नव्हती, म्हणून ज्या होत्या त्यांच्यावरच शिकले. तेव्हापासून जो भेटला त्यानं सांगितलं, की हे चुकीचं आहे. कुणी हिला दुरुस्त करायला बघतं, कुणी मला. खास म्हणाल तर एवढंच, की आम्ही दोघी अजून दुरुस्त झालेलो नाही."

आणि त्यांनी दादाची धून सुरू केली.

सुरुवात खाली होती, ती बरी गेली. अंगठ्याखाली बारीक तारा गाऊ लागल्या, खालून खर्ज येऊन मिळत राहिला. मधेच खरखर व्हायची, बाई तिच्यावरून पुढे जायच्या. हॉलमधल्या जाणत्यांचे चेहरे बदलले, कारण कॉर्ड ओळखीची आणि उलगडायची रीत अनोळखी, असं त्यांनी ऐकलं नव्हतं. मग धून वर चढायला लागली. मानेच्या पोटाकडच्या टोकाला पोहोचल्यावर, कारागीर म्हणाले होते तसंच, सूर उतरला. सगळ्यांच्या कानांना लागला. डॉक्टरांनी डोळे मिटले. दुसऱ्या कुणी हात आवरता घेतला असता, तो भाग गाळून खाली आला असता. बाईंनी गाळला नाही. त्यांनी दाबलेल्या बोटानं तार बाजूला ओढली, सूर वर येईपर्यंत ओढली. पुढचा सूर तसाच, त्याच्या पुढचा तसाच, एकेक सूर मानगूट धरून जागेवर आणला. कपाळावर घाम आला. बोट कापलं असणार, पण थांबल्या नाहीत. डाव्या हाताची नखं मात्र नेहमीपेक्षा जोरात चालली होती आणि नव्या कोऱ्या पॉलिशवर करकर आवाज होत होता. पहिल्या रांगेत बसलेल्या लेकीला तो ऐकू येत होता. ती मान वर करून, सगळ्यांना दिसेल अशी बसली होती.

धून संपली. टाळ्या पडल्या, भरपूर पडल्या. दोन-चार लोकांनी तोंड वाकडं केलं आणि आपसांत सूर उतरल्याचं बोलून घेतलं. तेही खरंच होतं.

कारागीर जिन्यात भेटले. टोपी हातात घेऊन चुळबुळत होते. "मंगळवारी आणाल का? तुमची जुनी खाचांची पट्टी मी टाकलेली नाही. घोडीची खाचही होती तशी करून देतो. बारीक तार वर."

"आणते. पण तुम्ही काम कराल तेव्हा मी समोर बसणार."

"बसा की." ते घुटमळले. "तो खड्डा तेवढा मला परत देता येणार नाही, बाई. तो बुजला तो बुजला."

"तो तुमच्याकडून नकोच मला."

दोघी बसथांब्यावर उभ्या राहिल्या. ऊन कलायला आलं होतं. कव्हरची मूठ उसवलेली, म्हणून लेकीनं गिटार लहान पोरासारखी दोन्ही हातांनी उचलून घेतली होती. चेन थोडी उघडी होती. तिनं आत बोट घालून चाचपलं. पॉलिशवर ताजे ओरखडे होते, पातळ, एकावर एक.

"आई, पहिल्यासारखा खड्डा पडायला किती वर्षं लागतात गं?"

"पहिल्या वेळी तीसेक लागली असतील."

लेकीनं आईच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग बस येते का ते बघायला मान वळवली.

"मनात बेरीज करू नकोस," टेलरबाई म्हणाल्या. "मलाही करता येते ती. म्हणून तर उद्यापासून जरा जोरात वाजवणार आहे."